जाहिरात आपल्याला कशी ओळखते?

मागच्या दिवाळीत बहिणीच्या घरी गेलो असता माझ्या दोन भाच्या एकाच वर्तमानपत्राचे संकेतस्थळ आपापल्या मोबाईलवर उघडून शेजारी शेजारी बसल्या होत्या. बातमी तीच, मथळा तोच, छायाचित्रही तेच. परंतु बातमीच्या मधोमध थोरलीला स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गाची जाहिरात दिसत होती, तर धाकटीला पैठणीची. “मामा, हा मोबाईल आपलं बोलणं चोरून ऐकतो का रे?” असा प्रश्न लगेच आला. हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा तरी विचारला जातो, कारण माझा पोटापाण्याचा उद्योगच तो आहे. याच महाविद्यालयातून अर्थशास्त्र घेऊन मी बी. ए. झालो आणि पुढे योगायोगाने जाहिरातींच्या संगणकीय लिलावाच्या व्यवसायात शिरलो. चोरून ऐकण्याची काहीच गरज पडत नाही, इतकी माहिती आपण होऊन पुढे सरकत असते, हे भाचीला सांगायला पाच मिनिटे लागली. ती कशी सरकते हे सांगायला मात्र हा लेख लिहावा लागत आहे.

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव ज्यांनी पाहिला असेल त्यांना पुढचे समजणे सोपे जाईल. ट्रॉली उभी राहते, व्यापारी भोवती जमतात, कोणी ढिगात हात घालून खालचे चार कांदे वर काढून पाहतो आणि मग बोली सुरू होते. संकेतस्थळाचे पान उघडताना नेमके हेच होते. विकायला निघालेला माल म्हणजे पानावरची मोकळी चौकट. पण चौकट सगळ्यांची सारखीच. तिची किंमत ठरते ती तिच्यासमोर कोण बसले आहे यावरून. म्हणजे ढिगात हात घालून जे पाहिले जाते ते आपण स्वतः. हा सगळा व्यवहार पान पुरते उमटण्याच्या आत, साधारण एका सेकंदाच्या अवधीत उरकतो.

हा लिलाव चालवणाऱ्या यंत्रणा अनेक आहेत. मी ज्या यंत्रणेवर काम करतो तिचे नाव प्रीबिड सर्व्हर. प्रीबिडचा पहिला अवतार २०१५ साली वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आज्ञावलीच्या रूपाने आला. २०१७ साली तिच्या देखभालीसाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. लिलावाचे काम ब्राउझरवरून उचलून दूरच्या संगणकावर नेणारी तिची बहीण म्हणजे हा सर्व्हर. त्याची आज्ञावली खुली आहे. ज्याला इच्छा असेल त्याने ती वाचावी. पुढे मी जे सांगणार आहे त्यात गुपित असे काही नाही. फक्त ते वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही, एवढेच.

पान उघडले की सर्व्हरकडे एक पत्र जाते. या पत्राचा मायना आणि रकाने ‘ओपन आरटीबी’ नावाच्या सर्वमान्य नमुन्याने ठरवून दिलेले आहेत. कोणते संकेतस्थळ, कोणते पान, चौकट किती रुंद आणि किती उंच, मोबाईल की संगणक, भाषा कोणती, आणि लिलाव किती मिलिसेकंदांत संपला पाहिजे, असे ते रकाने. सर्व्हर या पत्राच्या नकला बोली लावणाऱ्यांकडे धाडतो. मूळ पत्रात वाचकाविषयी फारसे काही नसते. म्हणून वाटेत एक कारकून बसवतात, जो पत्र थांबवतो, वाचकाविषयी मिळेल ती माहिती एका चिठ्ठीवर लिहून पत्राला टाचतो आणि पत्र पुढे सोडतो. या कारकुनाला मॉड्यूल म्हणतात आणि त्याच्या कामाला एन्रिचमेंट, म्हणजे समृद्ध करणे. समृद्ध नक्की कोण होते हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडला आहे. म्हणून मी आपला ‘चिठ्ठी टाचणे’ असेच म्हणतो.

चिठ्ठीवर दोन प्रकारचा मजकूर असतो. पहिला, वाचक कोणत्या गटात मोडतो तो. ‘घर घेण्याच्या विचारात’, ‘वाहनांत रस’, ‘लहान मुलांचे पालक’ अशी ही वर्गवारी; पण ती शब्दांत न लिहिता क्रमांकांनी लिहितात, ग्रंथालयात पुस्तकाच्या पाठीवर विषयाचा आकडा असतो तशी. कोणत्या यादीतला हा क्रमांक हेही सोबत लिहावे लागते, कारण याद्या पुष्कळ आहेत. त्यांपैकी ‘ऑडियन्स टॅक्सॉनॉमी १.१’ या यादीची खूण ४ आहे. हा चार लिहायचा राहिला तर पुढच्याला क्रमांकाचा अर्थ कळत नाही आणि चिठ्ठी फुकट जाते.

दुसरा मजकूर अधिक नाजूक. तो म्हणजे वाचकाची ओळखखूण. ती फक्त त्या ब्राउझरपुरती असेल तर तिच्यापुढे १ लिहितात. पण माणूस घरी, कचेरीत, मोबाईलवर कोठेही गेला तरी तीच राहणार असेल तर ३. नमुन्यातल्या एका रकान्यात हा एकच आकडा असतो. पण १ च्या जागी ३ आला की आपण यंत्राविषयी बोलणे सोडून माणसाविषयी बोलू लागतो.

ही माणसाची खूण येते कोठून? बहुधा ई-मेलच्या पत्त्यातून. संकेतस्थळावर नाव नोंदवताना आपण पत्ता देतो. तो उघडा पाठवत नाहीत. ‘शा-२५६’ नावाच्या गणिती चरकातून काढून त्याचा चौसष्ट अक्षरी ठसा करतात. ठशावरून पत्ता उलटा काढता येत नाही, म्हणून सगळे सुरक्षित आहे, असे ग्राहकांना हमखास सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. एकाच पत्त्याचा ठसा जगात कोठेही काढला तरी तोच येतो. ज्याच्याजवळ तुमचा पत्ता आधीच आहे त्याने तो चरकात घातला की दोन्ही ठसे जुळतात, आणि व्यवसायाला हवे असते ते हेच जुळणे. गंमत अशी की चरकात घालण्यापूर्वी पत्त्याच्या मागेपुढे राहिलेली रिकामी जागा काढली नाही किंवा मोठी अक्षरे लहान केली नाहीत, तर ठसा पार बदलतो. एका ग्राहकाची ओळख जुळेना म्हणून आम्ही दोन दिवस डोके आपटले. शेवटी दोष निघाला तो पत्त्याच्या अखेरीस चिकटलेल्या एका रिकाम्या जागेचा.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळतो. कारकुनाला बसवायचे कोठे, हे प्रथम ठरवावे लागते. पत्र आत आल्यापासून उत्तर बाहेर जाईपर्यंत सर्व्हरमध्ये अनेक टप्पे आहेत. चिठ्ठी टाचण्याची सोयीची जागा म्हणजे पत्राची तपासणी पुरी झाल्यानंतरचा आणि नकला निघण्यापूर्वीचा टप्पा. अलीकडे बसवला तर अर्धवट पत्र हाती येते, पलीकडे बसवला तर नकला निघून गेलेल्या असतात. काही मॉड्यूले दुसऱ्यांदा, अगदी शेवटच्या टप्प्यालाही हजर राहतात आणि आलेल्या बोलींवर गटाची खूण उमटवतात, म्हणजे संकेतस्थळाच्या स्वतःच्या जाहिरात सर्व्हरला आपल्या ठरीव जाहिरातींमधून निवड करता येते.

मग येतो वेळेचा प्रश्न, आणि येथे माझी फजिती सांगणे भाग आहे. टप्प्यातील कामांचे गट पाडतात आणि प्रत्येक गटाला मिलिसेकंदांत मुदत देतात. गटाची मुदत संपली की कारकुनाची चिठ्ठी तयार असो वा नसो, पत्र पुढे जाते. सुरुवातीच्या काळात एका ग्राहकासाठी मी मॉड्यूलला बाहेरून माहिती आणण्यास ६०० मिलिसेकंदांची सवड दिली; पण ज्या गटात ते होते त्या गटाची मुदत आधीच्या कोणीतरी २०० ठेवली होती, ती पाहिली नाही. माहिती यायला तीनशेच्या आसपास लागत. म्हणजे दर वेळी कारकून धावत जाई, माहिती घेऊन येई आणि पत्र निघून गेलेले असे. कोठेही दिवा लाल झाला नाही, जाहिराती नेहमीप्रमाणे दिसत राहिल्या, आणि माहिती विकणाऱ्याचे दर विचारणेमागे होणारे बिल मात्र वाढत राहिले. तीन आठवड्यांनी कोणीतरी बिल पाहून विचारले तेव्हा मी सर्व्हरला त्याच्या कामाचा तपशीलवार माग दाखवायला सांगितले, आणि त्या मॉड्यूलपुढे ओळीने ‘टाइमआउट’ हा एकच शब्द उभा होता.

घाईघाईने मी गटाची मुदत सातशेवर नेली, तर दुसरीच आपत्ती. एकूण लिलावाला हजार मिलिसेकंद. त्यातले सातशे कारकुनाने खाल्ले तर बोली लावणाऱ्यांना उरणार किती? दूरचे व्यापारी वेळेत पोहोचेनात आणि बोली घटल्या. शेवटी एकदा मिळालेली माहिती काही काळ जवळ साठवून ठेवायची, म्हणजे त्याच वाचकासाठी पुन्हा बाहेर धावायला नको, अशी तडजोड केली. साठवणीलाही तोटा आहेच. शिळी चिठ्ठी ताजी म्हणून टाचली जाते. फ्रीज विकत घेऊन झाल्यावरही आपल्याला फ्रीजच्या जाहिराती दिसत राहतात, त्याचे एक कारण हेही असते.

चिठ्ठी सगळ्या बोली लावणाऱ्यांना दाखवायची की मोजक्यांना, हेही मांडणीत लिहिता येते. ओळखखुणेच्या प्रत्येक उगमापुढे कोणाला ती द्यावी त्यांची नावे नोंदवण्याची सोय आहे. नावे लिहिलीच नाहीत तर ती सर्वांना जाते. हा ‘लिहिले नाही तर’ या व्यवसायात फार महत्त्वाचा आहे.

युरोपात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे वाचकाने दिलेली संमती एका सांकेतिक ओळीच्या रूपाने पत्राबरोबर प्रवास करते. उपकरणावर माहिती साठवणे व वाचणे हा तिच्यातला पहिला हेतू. व्यक्तीनुरूप जाहिरात निवडणे हा चौथा. ही व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. २०२२ साली बेल्जियमच्या नियामकांनी ती चालवणाऱ्या संघटनेला अडीच लाख युरो दंड केला, आणि ७ मार्च २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला की ती संमतीची ओळदेखील वैयक्तिक माहितीच ठरू शकते. तरीही तेथे निदान एक कुंपण आहे आणि सर्व्हर ते तपासतो.

आपल्याकडचा वाचक पान उघडतो तेव्हा पत्रावर ‘युरोपचा कायदा लागू नाही’ अशी खूण असते आणि ते कुंपण उचलले जाते. मग उरते ती फक्त खातेनिहाय परवान्यांची यादी: वाचकाविषयी माहिती जोडावी काय, ती पुढे पाठवावी काय, ओळखखूण पाठवावी काय, नेमके ठिकाण पाठवावे काय. आणि या यादीत काहीच लिहिले नसेल, तर सर्व्हर परवानगी आहे असे धरतो. कोणाचा दुष्ट हेतू असतो म्हणून नव्हे, तर रकाना कोरा राहतो म्हणून वाचकाची चिठ्ठी बाहेर जाते.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि प्रमुख बंधने लागू होण्यास त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती ही बालक धरली आहे, आणि काही अपवाद सोडता बालकांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना उद्देशून लक्ष्यवेधी जाहिरात करण्यास मनाई केली आहे. म्हणजे आपल्या कनिष्ठ महाविद्यालयातली बहुतेक मुले यात आली.

एका वर्षी आमच्याकडे निकाल आणि प्रवेश यांची माहिती देणारे एक संकेतस्थळ आले. नवे खाते उघडताना जुन्या खात्याची मांडणी उचलून तशीच चिकटवण्याचा प्रघात आहे, वेळ वाचतो. निकालाच्या दिवशी गर्दी उसळली आणि मी सहज माग उघडून पाहिला. चिठ्ठ्या भराभर टाचल्या जात होत्या. ठसे मुलांच्या नव्हे, आईवडिलांच्या पत्त्यांचे असावेत, कारण गटांचे क्रमांक गृहकर्ज आणि मोटारींचे होते. समोर बसलेली मुले मात्र सोळा-सतरा वर्षांची. ज्या माणसाविषयी चिठ्ठी लिहिली होती तो माणूस तेथे नव्हताच, आणि जो होता त्याच्याविषयी काही लिहिण्याचा आम्हाला अधिकार नव्हता.

मी त्या खात्याच्या परवान्यांत माहिती जोडण्यापुढे ‘नाही’ लिहिले आणि मग वरिष्ठांना कळवले. क्रम उलटा हवा होता, त्याबद्दल बोलणी खाल्ली. जाहिराती बंद पडल्या नाहीत. पानावरचा मजकूर पाहून वसतिगृहे, वह्या, शिकवणी वर्ग असल्या जाहिराती येत राहिल्या. उत्पन्न काहीसे उतरले. मालकांनी एकदा विचारले, कारण ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले नाही. परंतु ज्या मूळ मांडणीवरून नवी खाती उतरवली जातात तिच्यात तो रकाना अजून कोराच आहे. तो भरण्याविषयी मी दोनदा लिहून दिले आहे. तूर्त प्रत्येक नवे खाते आले की मी हाताने उघडून पाहतो.