दोन द्रवांमधील येरझारा

स्वयंपाकघरातले मीठ वितळलेले आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. त्याला ८०१ अंश सेल्सिअस उष्णता लागते. मिठातले धन आणि ऋण आयन एकमेकांना इतके घट्ट धरून असतात. परंतु हे आयन मोठे व बेढब घेतले, तर ते नीट रचून बसत नाहीत आणि मीठ साध्या हवेतच पातळ राहते. १९१४ साली पाउल वाल्डेन यांनी असे एक मीठ वर्णिले; ते अवघ्या १२ अंशांवर वितळते. अशा क्षारांना आपण आयनी द्रव म्हणतो.

हे द्रव सहसा वाफ होऊन उडत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. पण अडचणही तिथेच आहे. पाणी आटवून मीठ काढावे, तसा हा द्रव आटवून त्यातला पदार्थ काढता येत नाही. मग तो बाहेर आणावा कसा?

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात यीयाँग ही व टिमथी लॉज यांनी २००६ साली यावर एक सुंदर वाट दाखविली. त्यांनी दोन स्वभावांचे तुकडे जोडलेली बहुवारिकाची साखळी घेतली. एक तुकडा पॉलिब्युटाडाइनचा, म्हणजे कृत्रिम रबराच्या जातीचा. दुसरा पॉलिएथिलीन ऑक्साइडचा. पाण्यात रबरी तुकडे आत दडतात, दुसरे बाहेर झालरीसारखे पसरतात आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. साबणाचे पाणी मळ पोटात घेते ते अशाच रचनेमुळे.

आता एका नळीत खाली जड आयनी द्रव व वर पाणी आहे असे समजू. दोघे एकमेकांत मिसळत नाहीत. थंड असताना कण पाण्यात राहतात, कारण पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी झालरीला धरून असतात. ऊष्णता वाढली की हे बंध सैल पडतात, झालरीला पाणी नकोसे होते आणि आयनी द्रव जवळचा वाटू लागतो. कण खाली उतरतात. नळी निवविली की पुन्हा वर येतात. कणांना कोणी ढकलीत नाही. त्यांची आवड तेवढी बदलते.

या प्रवासात कण फुटत नाही, कारण त्याच्या रबरी गाभ्याला दोन्ही द्रव सारखेच परके. म्हणूनच गाभ्यात ठेवलेला माल सुखरूप पलीकडे नेता येईल, अशी आशा बाळगता येते.

मात्र एक सावधगिरी हवी. त्या प्रयोगातला आयनी द्रव फ्लोरिनयुक्त होता. असा द्रव पाण्याबरोबर तापत राहिला, तर त्यातून काच खाणारे हायड्रोजन फ्लोराइड सुटू शकते. जे हवेत उडत नाही ते निरुपद्रवीच, असे आपण धरून चालू नये. वाट सापडली आहे. तिच्यावरून नेण्याजोगा निर्धोक द्रव निवडणे हे पुढचे काम आहे.