अजून कडक करून द्या

आमच्या उलव्यातल्या इमारतीसमोर गेली दोन वर्षं एक टॉवर उठतोय. सकाळी तिथलं सळई कापायचं मशीन सुरू होतं. चाक घरघरतं, मग एक दबका ठोका, आणि पंचवीस मिलिमीटरची सळई दोन तुकडे होऊन पडते. मे महिन्यात एका रविवारी तिथला एक फिटर फडक्यात काहीतरी गुंडाळून आमच्या गेटवर आला. तिसऱ्या मजल्यावरचे काका, म्हणजे मी, टूलरूममध्ये असतात, हे त्याला वॉचमननं सांगितलं होतं. (बांधकामावर सळया बांधणाऱ्यालाही फिटर म्हणतात आणि टूलरूममध्ये डाय जुळवणाऱ्यालाही. आम्हा दोघांचं नातं तेवढंच.)

फडक्यात मशीनचं पातं होतं. तळहातावर मावेल असा चौकोनी ठोकळा, मध्ये बोल्टचं भोक. याच्या चारही कडा वापरता येतात. एक गेली की ठोकळा फिरवून दुसरी पुढे घ्यायची. या पात्याच्या तीन कडांचे टवके उडाले होते.

"काका, लय लवकर तुटतंय. अजून कडक करून द्या की."

बामणडोंगरीहून नेरूळ आणि नेरूळहून रबाळ्याच्या टूलरूमला असा माझा रोजचा प्रवास. उलव्यात लोकल २०१८च्या नोव्हेंबरात आली, त्याआधी बसनं. या नोकरीत तीस वर्षं मी हेच वाक्य ऐकत आलोय. मालक म्हणतो, परचेसवाला म्हणतो, नवा इंजिनीअरही म्हणतो. डाय लवकर जाते ना, मग अजून कडक करा.

मी ते पातं उन्हात धरलं. कड झिजलेली असती तर ती गोल, गुळगुळीत, चकचकीत दिसली असती. इथे करड्या, कोरड्या, दाणेदार जखमा होत्या, फुटलेल्या कपाच्या काठासारख्या. पोलाद मऊ होतं म्हणून हे झालं नव्हतं, नको तेवढं कडक होतं म्हणून झालं होतं.

*

आमच्या धंद्यात या पोलादांना 'कोल्ड वर्क टूल स्टील' म्हणतात. त्यातला 'कोल्ड' पोलादाचा नाही, कामाचा आहे. पत्रा किंवा सळई न तापवता, आहे त्या तपमानाला कापायची, वाकवायची, दाबायची, त्यासाठीच्या हत्यारांचं हे पोलाद. काम करताना हत्यार दोनशे अंशांच्या वर सहसा जात नाही. लालभडक लोखंड ठोकणाऱ्या किंवा वितळलेलं ॲल्युमिनियम झेलणाऱ्या डायचं पोलाद वेगळं, त्याला 'हॉट वर्क' म्हणतात.

घरात बसल्या बसल्या नजर फिरवा. पंख्याच्या मोटारीतल्या पातळ चकत्या, दाराची बिजागरी, कडीचा पत्रा, वॉशर, वसई-भाईंदरकडून येणारी स्टीलची ताटं, यातली प्रत्येक वस्तू अशाच एखाद्या पंच आणि डायमधून, म्हणजे वरून दाबणारा ठसा आणि खालचा साचा यांच्यामधून, गेलीय. खिशातलं नाणंही. नाण्यावरच्या सालाखाली बारीक चौकट दिसली तर ते फोर्टातल्या मुंबई टांकसाळीत पाडलेलं. तिथे कापण्यापेक्षा दाबण्याचं काम असतं, म्हणून डायचं पोलादही वेगळ्या जातीचं निवडावं लागतं.

जाती पुष्कळ, पण आपल्याकडच्या टूलरूमचा गाडा प्रामुख्यानं तिघांवर चालतो. पहिलं ओएचएनएस, म्हणजे तेलात विझवायचं आणि फारसं न आक्रसणारं. यात कार्बन साधारण ०.९ टक्के, सोबत मँगनीज आणि थोडं क्रोमियम व टंगस्टन. स्वस्त, मशीनवर चालवायला सोपं, कमी नगांच्या कामाला उत्तम. दुसरं एचसीएचसीआर, कागदावर डी-थ्री. कार्बन दोन टक्क्यांच्या वर, क्रोमियम बारा. झिजेला दाद देत नाही, पण स्वभावानं ठिसूळ. तिसरं डी-टू. कार्बन दीड टक्का, क्रोमियम तेवढंच बारा, शिवाय टक्काभर मॉलिब्डेनम आणि थोडं व्हॅनेडियम. जपानी ड्रॉइंगवर याला एसकेडी-११ म्हणतात, जर्मन ड्रॉइंगवर १.२३७९. कळंबोलीच्या लोखंड बाजारात डी-टू मागितलं तर दुकानदार कधीकधी उलट विचारतो, "डी-टू का एचसीएचसीआर?" अनेकांच्या तोंडी दोघांना मिळून एकच नाव असतं. तिथेच अर्धा घोटाळा होतो.

बारा टक्के क्रोमियमच्या या घराण्याचा जन्म पहिल्या महायुद्धाच्या काळातला. हायस्पीड स्टीलला पर्याय म्हणून ते काढलं. त्या कामात ते नापास झालं, कारण कापताना तापलं की मऊ पडायचं. पण थंड कामात झिजेपुढे टिकतं असं दिसलं आणि ते डायच्या धंद्यात शिरलं, ते आजतागायत.

ते झिजत का नाही, हे उलव्यात राहणाऱ्याला सांगायला सोपं आहे, कारण इथे जिथे तिथे काँक्रीट ओतणं चालू असतं. काँक्रीटमध्ये सिमेंट सगळ्याला धरून ठेवतं आणि झीज सोसते ती खडी. डी-टूमध्ये ही खडी म्हणजे क्रोमियम आणि कार्बनचे अतिकठीण कण, कार्बाइड. भोवतालचं पोलाद कितीही कडक केलं तरी हे कण त्याहून खूप कठीण असतात. पत्रा घासतो तो या कणांवर. पण खडी जितकी मोठी आणि जितकी एका रांगेत बसलेली, तितकी तडा जायला वाट मोकळी. डी-थ्रीत ही खडी जास्त, म्हणून त्याची कड आधी तुटते.

बारा टक्के क्रोमियम आहे तर मग हे स्टेनलेस का नाही, असा प्रश्न दर दोन वर्षांनी एखादा ॲप्रेंटिस विचारतोच. चांगला प्रश्न आहे. बरंचसं क्रोमियम त्या कणांत अडकून पडतं, गंज अडवायला मोकळं उरतच नाही. खाडीकाठच्या आमच्या हवेत जुलै महिन्यात ग्राइंडिंग केलेली डाय तेल न लावता रात्रभर ठेवा, सकाळी तिच्यावर बोटांचे तपकिरी ठसे उमटलेले दिसतील.

*

बाजारातून येतं तेव्हा हे पोलाद मऊ असतं. तसं असतं म्हणूनच त्यावर मिलिंग, ड्रिलिंग करता येतं. त्याला हत्यार बनवते ती भट्टी.

आमच्या गावचा लोहार कोयत्याला 'पाणी द्यायचा'. कड लाल करून पाण्यात बुडवायची, मग पाठीकडची उरलेली ऊब हळूहळू कडेकडे सरकू द्यायची. घासून चकचकीत केलेल्या कडेवर रंग धावत यायचे, आधी पिवळसर, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. हवा तो रंग कडेला पोचला की पुन्हा पाण्यात. पिवळा म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या आसपास, निळा म्हणजे तीनशे. थर्मामीटर नव्हता, पण हिशेब पक्का होता, आणि त्यात दोन कामं होती, कडक करणं आणि मग कडकपणा थोडा उतरवणं. लोकांनी लक्षात ठेवलं ते पहिलंच.

डी-टूची रीत हीच, फक्त सावकाश. आधी साडेसहाशे अंशांना थांबा, मग साडेआठशेला थांबा, म्हणजे ठोकळा आतबाहेर सारखा तापतो आणि वाकत नाही. त्यानंतर हजार-वीसच्या आसपास. इथे लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन त्यात विरघळतो. मग झपाट्यानं थंड करायचं. या पोलादाला पाणी लागत नाही, तेलही नको. हवेचा झोत पुरतो, किंवा निर्वात भट्टीत दाबाखाली सोडलेला नायट्रोजन. कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो जागच्या जागी अडकतो, मांडणी ताणली जाते, आणि त्या ताणातून कडकपणा येतो. या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात.

'अजून कडक'वाले इथेही फसतात. भट्टी अकराशेपर्यंत नेली तर जास्त कडक होईल, असा त्यांचा अंदाज. होतं उलटं. जास्त कार्बन विरघळतो आणि भट्टीतल्या तापलेल्या मांडणीचा मोठा हिस्सा थंड झाल्यावरही न बदलता तसाच राहतो. तो मऊ असतो, वर बेभरवशाचा, कारण पुढे केव्हातरी वापरात असताना बदलतो आणि डायचं माप फुगतं. असा उरलेला हिस्सा बदलून घ्यायला काहीजण ठोकळा उणे सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत, किंवा द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६पर्यंत नेतात. मोजमापाच्या गेजना ते करावंच. साध्या वॉशरच्या डायला तो खर्च मला पटत नाही.

आता टेम्परिंग. विझवलेला ठोकळा साठ-सत्तर अंशांवर आला, हाताला जेमतेम सोसेल इतका, की लगेच दुसऱ्या भट्टीत. दीडशे ते अडीचशेच्या दरम्यान, निदान दोन तास. बाहेर काढायचा, थंड होऊ द्यायचा आणि तेच पुन्हा एकदा करायचं. दुसऱ्यांदा कशाला, असं विचारत लोक हटकून पैसे वाचवायला बघतात. पहिल्या फेरीनंतर थंड होताना भट्टीतल्या त्या उरलेल्या मांडणीतून काही नवं मार्टेन्साइट तयार होतं, आणि ते कच्चंच असतं. दुसरी फेरी त्याच्यासाठी.

समोरच्या टॉवरवरच्या सळईला हे सुख फुकट मिळतं. टीएमटी सळई रोलिंग मिलमधून लाल बाहेर पडते तेव्हा तिच्यावर जोरात पाणी मारतात, बाहेरचा थर कडक होतो आणि आत अजून धगधगत असलेला गाभा त्याच थराचं टेम्परिंग करून टाकतो. डायला असा गाभा नसतो. तिच्यासाठी माणसाला थांबावं लागतं.

मी थांबलो नव्हतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एचसीएचसीआरची एक डाय शनिवारी संध्याकाळी विझवून झाली. बिजागरीच्या पत्र्याची होती, सव्वा महिन्याचं काम. हाताला इतकी कडक, इतकी खणखणीत लागली की मी खूश. टेम्परिंग सोमवारी करू म्हणून ती बाकावर ठेवून घरी गेलो. सोमवारी शटर उघडलं तर चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून तिरकी चीर, आरपार. रविवारी कुणी नसताना ती एकटीच फुटली होती. आमच्या म्हाताऱ्या फोरमननं चिरेवरून नख फिरवलं आणि विचारलं, "कोपऱ्याला गोलाई का नाही दिलीस?" शनिवारबद्दल तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तीक्ष्ण कोपरा, काठाला खेटून पाडलेलं भोक, ठोक्यानं उमटवलेला नंबर, खोल मशीनिंगचे ओरखडे, या सगळ्या चिरेच्या जन्मजागा. आकार काढण्याचं काम मोठं असेल तर हार्डनिंगआधी ठोकळा साडेसहाशे अंशांना तापवून भट्टीतच निवू द्यावा, म्हणजे मशीनिंगचा ताण निघून जातो. आणि माप हलणार हे गृहीतच धरायचं. शंभर मिलिमीटरमागे पन्नास मायक्रॉन इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं. मिलिमीटरभर जाडीचा पत्रा कापताना पंच आणि डायमध्ये एका बाजूला ठेवलेली फट साधारण तेवढीच असते. म्हणून आधी जास्तीचं सोडायचं आणि नंतर ग्राइंडिंगनं मापात आणायचं.

*

कडकपणा मोजायचा तो रॉकवेल 'सी'वर. १२० अंशांचं हिऱ्याचं टोक आधी हलक्या भारानं टेकवायचं, मग एकूण १५० किलोचा भार द्यायचा, तो काढायचा आणि टोक किती खोल रुतलंय ते बघायचं. एक आकडा म्हणजे दोन मायक्रॉन. साठ आकडा आला म्हणजे टोक आठ शतांश मिलिमीटर रुतलं. अठ्ठावन्न आणि साठ यांत फरक चार मायक्रॉनचा, आणि त्या चार मायक्रॉनवरून मी फोनवर तासभर भांडणं ऐकली आहेत.

आकडा खोटा नसतो, अपुरा असतो. डी-टू हजार-वीसवरून विझवून दोनशेला टेम्पर केलं तर साठच्या आसपास येतं. हजार-सत्तरवरून विझवून पाचशेवीसला दोन-तीनदा टेम्पर केलं तरी साठच्याच आसपास येतं, कारण त्या तपमानाला बारीक नवे कार्बाइड तयार होऊन उतरलेला कडकपणा पुन्हा चढतो. मशीनचा काटा दोन्हीकडे एकच आकडा दाखवतो. पण पहिल्या ठोकळ्यात वायरकटनं, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या तारेनं, मोठा आकार कापायला घ्या, आतला ताण मोकळा होतो आणि तो मध्येच तडकू शकतो. दुसऱ्यात ताण पुष्कळ निघून गेलेला असतो. वर नायट्रायडिंग किंवा सोनेरी कोटिंग चढवायचं असेल तरी दुसराच हवा, नाहीतर त्या भट्टीच्या उष्णतेनं पहिला मऊ पडेल. टूलरूममधली मुलं वायरकटवाल्याला दोष देतात. बऱ्याचदा दोष तीन दिवस आधीच्या भट्टीचा असतो.

फिटरचं पातं मी दुसऱ्या दिवशी कंपनीत नेलं. रॉकवेल साठ, आणि ग्राइंडरवर ठिणग्या तोकड्या, लालसर, फुलबाजीसारख्या न फुटणाऱ्या, म्हणजे क्रोमियम भरपूर. बहुधा डी-टू किंवा त्याचाच भाऊबंद. पातळ पत्र्याला हे उत्तम. पंचवीसच्या सळईच्या ठोक्याला चूक. तिथे धक्का सोसणारं पोलाद लागतं, कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास, कडकपणा चौपन्न-पंचावन्न. अशा जातींना 'एस' अक्षर आहे, शॉक सोसणाऱ्या म्हणून. त्याच्याकडचं पातं वाचवायला मी ते जास्त तपमानाला पुन्हा टेम्पर करून छपन्नवर उतरवलं आणि उरलेल्या कडेची धार किंचित मारून दिली.

"म्हणजे मऊ केलं?" त्यानं विचारलं.

"हो."

त्याला ते पटलं नाही. पातं घेऊन गेला. ती एक कड पावसाळाभर चालली. मग टवका न उडता रीतसर झिजून बोथट झाली.

तुमची डाय भट्टीला पाठवत असाल तर एवढं करा. चलानावर नुसतं '५८-६०' लिहून सोडू नका. पोलादाची जात लिहा, काय कापणार आणि किती जाडीचं ते लिहा, नंतर वायरकट किंवा कोटिंग आहे का तेही लिहा. आणि माल परत घेताना रॉकवेलच्या आकड्याबरोबर भट्टीचा चार्ट मागा, टेम्परिंग किती अंशांना, किती तास, किती वेळा. चार्ट द्यायला कुणी कुरकुरलं, तर पुढची डाय दुसरीकडे न्या.