मधमाश्यांचे नृत्य : एका संदेशव्यवस्थेचा शास्त्रीय परिचय

सारांश

अन्नस्रोताचा शोध लागलेली कामकरी मधमाशी पोळ्यावर परतल्यानंतर विशिष्ट प्रकारचे नृत्य करते आणि त्या नृत्यातून अन्नाची दिशा व अंतर आपल्या सहकारी माश्यांना कळविते. या शोधाचे श्रेय ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश (१८८६-१९८२) यांना जाते. प्रस्तुत लेखात या संदेशव्यवस्थेचे स्वरूप, तिच्याविषयी झालेला वाद, त्या वादाचा झालेला निर्णय आणि भारतीय मधमाश्यांच्या संदर्भात तिचे महत्त्व यांचा आढावा घेतला आहे.

बीजसंज्ञा : मधमाशी, दोलननृत्य, संदेशवहन, भाषा, आग्या माशी.

१. प्रस्तावना

मनुष्याखेरीज अन्य कोणत्याही प्राण्यास समोर नसलेल्या वस्तूविषयी दुसऱ्यास काही सांगता येते काय, हा प्रश्न प्राणिशास्त्राइतकाच भाषाशास्त्राचा आणि तत्त्वज्ञानाचाही आहे. कुत्र्याचे भुंकणे किंवा पक्ष्याचा भयसूचक आवाज हा बहुधा समोर असलेल्या परिस्थितीला दिलेला प्रतिसाद असतो. मधमाशीची गोष्ट वेगळी आहे. ती पोळ्याच्या काळोखात राहून दोन-तीन किलोमीटर दूर असलेल्या फुलोऱ्याची वार्ता देते. एखाद्या माशीला मधुर रसाचा साठा सापडला की थोड्याच वेळात तेथे अनेक माश्या येतात, हे निरीक्षण फार जुने आहे. परंतु त्या कशा येतात याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. हा विषय केवळ जीवशास्त्राच्या वर्गापुरता मर्यादित न राहता सर्व विद्याशाखांच्या वाचकांपर्यंत पोहोचावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

२. फॉन फ्रिश यांचे संशोधन

फॉन फ्रिश यांनी १९१४ साली मधमाश्यांना रंग ओळखता येतात हे प्रयोगाने सिद्ध केले. पुढे काचेची भिंत असलेली निरीक्षणपेटी वापरून आणि माश्यांच्या अंगावर रंगांचे ठिपके लावून त्यांनी एकेका माशीच्या हालचाली टिपण्यास सुरुवात केली. १९२० नंतरच्या दशकात त्यांना दोन प्रकारची नृत्ये आढळली. वर्तुळाकार नृत्य मकरंदाची आणि दोलननृत्य परागाची सूचना देते, असा अर्थ त्यांनी त्या वेळी लावला. हा अर्थ चुकीचा होता. सुमारे दोन दशकांनंतर, १९४४-४५ च्या सुमारास, अन्नाची बशी पेटीपासून दूर नेली असता त्यांच्या लक्षात आले की, नृत्याचा प्रकार अन्नाच्या जातीवर नव्हे, तर अंतरावर अवलंबून असतो. आपलाच पूर्वीचा निष्कर्ष त्यांनी जाहीरपणे मागे घेतला. संशोधकाच्या प्रामाणिकपणाचे हे उदाहरण विद्यार्थ्यांपुढे आवर्जून ठेवावे असे आहे.

हे काम ज्या काळात झाले तोही लक्षात घेतला पाहिजे. नाझी राजवटीने वंशाच्या कारणावरून त्यांना म्यूनिक येथील पदावरून दूर करण्याचे ठरविले होते. त्याच सुमारास नोसेमा या रोगाने जर्मनीतील असंख्य मधमाशी-वसाहती नष्ट होत होत्या. या रोगावरील संशोधनासाठी त्यांची आवश्यकता भासल्याने ती कारवाई लांबणीवर पडली. एका अर्थाने मधमाश्यांनीच आपल्या अभ्यासकाला वाचविले. १९७३ साली कोन्राड लोरेन्झ व निकोलास टिनबर्गन यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले.

३. नृत्याचे स्वरूप

(अ) वर्तुळाकार नृत्य : अन्न पोळ्याच्या अगदी जवळ, साधारणतः पन्नास ते शंभर मीटरच्या आत असल्यास माशी लहान वर्तुळात आलटून-पालटून दोन्ही दिशांनी फिरते. ‘अन्न जवळच आहे, बाहेर पडून शोधा’ एवढाच त्याचा मुख्य आशय असतो. अंगाला चिकटलेला फुलांचा वास पुढील काम करतो.

(आ) दोलननृत्य : अन्न याहून दूर असल्यास माशी उदर दोन्ही बाजूंना वेगाने हलवीत सरळ रेषेत थोडे अंतर चालते, मग उजवीकडून वळून आरंभस्थानी येते, पुन्हा सरळ चालते व या वेळी डावीकडून वळते. अशा रीतीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आकृती तयार होते. या आकृतीतील मधली सरळ चाल महत्त्वाची असते.

दिशा : पोळे उभे लोंबत असते आणि पेटीत अंधार असतो. त्यामुळे सूर्याकडे थेट बोट दाखविण्याची सोय नाही. यासाठी माशी ‘वरची दिशा म्हणजे सूर्याची दिशा’ असा संकेत वापरते. अन्न सूर्याच्या दिशेने असल्यास सरळ चाल वरच्या बाजूस, विरुद्ध दिशेस असल्यास खालच्या बाजूस आणि सूर्याच्या उजवीकडे ४० अंशांवर असल्यास उभ्या रेषेच्या उजवीकडे ४० अंशांवर होते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. मार्च महिन्यात आपल्याकडे पोळ्याच्या दक्षिणेस फुलोरा आहे असे समजू. सकाळी सूर्य स्थूलमानाने पूर्वेस असतो. पूर्वेकडे तोंड केल्यास दक्षिण उजव्या हातास येते, म्हणून माशी उजवीकडे आडवी चालेल. मध्यान्ही सूर्य दक्षिणेस येताच तीच माशी त्याच फुलोऱ्यासाठी सरळ वर चालेल, तर सायंकाळी सूर्य पश्चिमेस गेल्यावर डावीकडे आडवी चालेल. फुले जागची हलली नाहीत, केवळ सूर्य सरकला. माशीच्या शरीरातील कालमापन सूर्याच्या या सरकण्याचा हिशेब ठेवते. आकाश ढगाळले तरी निळ्या आकाशाचा एखादा तुकडा दिसत असल्यास तेथील ध्रुवित प्रकाशावरून तिला सूर्याची दिशा समजते, हे फॉन फ्रिश यांनी १९४९ मध्ये दाखविले.

अंतर : सरळ चाल जितका वेळ चालते तितके अन्न दूर असते. स्थूलमानाने एक सेकंदाची चाल म्हणजे सुमारे एक किलोमीटर असे धरले जाते, मात्र जातीनुसार व प्रदेशानुसार हे प्रमाण बदलते. माशी अंतर कसे मोजते, याचे उत्तर बेंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले व पुढे ऑस्ट्रेलियात संशोधन केलेले मंड्यम श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दिले. नक्षीदार भिंतींच्या अरुंद बोगद्यातून जेमतेम सहा मीटर उडून आलेल्या माश्यांनी जवळजवळ २०० मीटरचे अंतर सांगणारे दोलननृत्य केले. बोगद्याच्या भिंतींवर लांबीच्या दिशेने पट्टे काढले, तेव्हा मात्र त्यांनी वर्तुळाकार नृत्य केले. म्हणजेच डोळ्यांसमोरून दृश्य किती सरकले, यावरून माशी अंतर ठरविते.

अंधारात हा संदेश ‘पाहिला’ जात नाही. अनुयायी माश्या नर्तकीच्या अगदी निकट राहून स्पर्शिका, पंखांचे कंपन, हवेचे झोत आणि गंध यांच्या साहाय्याने तो ग्रहण करतात.

४. वाद आणि निर्णय

१९६७ च्या सुमारास अमेरिकेतील एड्रियन वेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मूलभूत आक्षेप घेतला. नृत्यात माहिती असते हे मान्य केले, तरी इतर माश्या ती वापरतात हे कशावरून? त्या केवळ गंधाच्या मागाने जात नसतील काय? हा आक्षेप योग्यच होता, कारण संदेश असणे आणि तो समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

जेम्स गुल्ड यांनी १९७५ साली यावर कल्पक उपाय योजला. पेटीत दिवा लावला असता माश्या त्यालाच सूर्य समजून दिशा लावतात. गुल्ड यांनी नर्तक माश्यांचे साधे नेत्रक रंगाने झाकले, त्यामुळे त्यांना दिवा जाणवेना व त्या ‘वर म्हणजे सूर्य’ या नियमानेच नाचल्या. अनुयायी माश्यांना मात्र दिवा दिसत होता व त्यांनी तोच संदेश दिव्याच्या संदर्भात वाचला. परिणामी त्या खऱ्या अन्नाकडे न जाता चुकीच्या वाचनातून निघणाऱ्या ठिकाणी गेल्या. त्या गंधानेच चालल्या असत्या, तर असे घडले नसते.

पुढे २००५ मध्ये रायली व सहकाऱ्यांनी माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म उपकरण बसवून रडारने त्यांचा मार्ग टिपला. नृत्य पाहून निघालेल्या माश्यांना उचलून दुसरीकडे सोडले, तरी त्या सांगितलेल्या दिशेने व अंतरानेच उडाल्या आणि अन्न नसलेल्या जागी पोहोचून शोध घेऊ लागल्या. शेवटच्या टप्प्यात नेमके फूल शोधण्यासाठी मात्र त्यांना गंध व दृष्टी यांची मदत लागते. अशा रीतीने दोन्ही पक्षांच्या म्हणण्यातील सत्यांश स्पष्ट झाला.

५. ही भाषा आहे काय?

फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९५२ मध्ये हे नृत्य म्हणजे भाषा नव्हे, तर संकेतसंहिता होय, असे प्रतिपादन केले. या संदेशाला संवादरूप उत्तर मिळत नाही, एका माशीने सांगितलेली वार्ता स्वतः न अनुभवता दुसरी माशी पुढे सांगत नाही आणि आशय अन्नापुरताच असतो, असे त्यांचे मुद्दे होते. यांतील शेवटचा मुद्दा टिकला नाही. फॉन फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाऊअर यांनी वसाहत फुटून निघालेल्या थव्यावरील शोधक माश्या नव्या घराची जागाही नृत्यातूनच सुचवितात आणि अनेक जागांपैकी एकीवर हळूहळू एकमत होते, हे १९५५ मध्ये मांडले. पहिले दोन मुद्दे मात्र आजही विचारार्ह आहेत. म्हणून ‘नृत्यभाषा’ हा शब्द जपून वापरावा असे वाटते.

६. भारतीय संदर्भ

लिंडाऊअर यांनी श्रीलंकेत जाऊन आशियाई मधमाश्यांचा अभ्यास केला. फुलोरी माशी उघड्यावरील लहान पोळ्याच्या आडव्या माथ्यावर नाचते व थेट अन्नाच्या दिशेने चालते. तिला ‘वर म्हणजे सूर्य’ या संकेताची गरजच नाही. आग्या माशी उघड्यावर, पण उभ्या पोळ्यावर नाचते, तर सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा पेटीत अंधारात नाचते. या तिन्ही माश्या महाराष्ट्रात आढळतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील एका अभ्यासानुसार ज्या जातीचे अन्नशोधाचे क्षेत्र लहान, तिच्या नृत्यात थोड्या अंतरासाठीही अधिक वेळ दिला जातो. सातेरीचे क्षेत्र सर्वांत लहान, तर आग्या माशीचे सर्वांत मोठे आढळले. म्हणजे या ‘बोली’ परिस्थितीशी जुळलेल्या आहेत.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक निष्कर्ष विशेष लक्षणीय आहे. अनुभवी माश्यांचे नृत्य पाहण्याची संधी न मिळालेल्या तरुण मेलिफेरा माश्यांची पहिली नृत्ये विस्कळीत आढळली. दिशेतील चुका सरावाने कमी झाल्या, पण अंतर सांगण्यातील दोष आयुष्यभर राहिला. नृत्य उपजत असले, तरी ते नीट येण्यासाठी ज्येष्ठांचा सहवास लागतो.

या ठिकाणी एक अनुभव नमूद करावासा वाटतो. एका महाविद्यालयात पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसले होते. सुट्टीत रात्री पलिते लावून ते जाळण्यात आले. सोमवारी विद्यार्थ्यांना दुर्बिणीतून त्याच पोळ्यावरील नृत्य दाखविण्याचे प्रस्तुत लेखकाने ठरविले होते. खाली उरला होता तो मेणाचा काळा थर व मेलेल्या माश्यांचा सडा. सुरक्षिततेची चिंता रास्त होती, परंतु त्या भागाचा वापर काही काळ बंद ठेवणे किंवा जाणकारांची मदत घेणे शक्य होते. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे आणि महाबळेश्वर परिसराला मधपाळांची परंपरा आहे. त्या परिसरातील मांघर हे गाव २०२२ पासून ‘मधाचे गाव’ म्हणून ओळखले जाते.

७. निष्कर्ष

१. मधमाशीचे नृत्य दिशा व अंतर सांगणारी संदेशव्यवस्था असून इतर माश्या तिचा प्रत्यक्ष वापर करतात, हे स्वतंत्र प्रयोगांनी सिद्ध झाले आहे.
२. तिला मानवी भाषेच्या अर्थाने भाषा म्हणता येत नसले, तरी समोर नसलेल्या गोष्टीविषयी सांगण्याचे सामर्थ्य तिच्यात निश्चित आहे.
३. ही व्यवस्था काही अंशी शिकून परिपूर्ण होते. वसाहतीत माश्यांच्या संख्येबरोबर अनुभवाचाही संचय असतो, तेव्हा मोहोळ जाळणे म्हणजे हा संचयही नष्ट करणे होय.
४. आग्या, सातेरी व फुलोरी या तिन्ही माश्या आपल्या परिसरात उपलब्ध असल्याने पदवी स्तरावरील प्रकल्पांसाठी हा विषय अल्प खर्चाचा व उपयुक्त आहे. एक घड्याळ, एक कोनमापक आणि सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी एक दुर्बीण एवढ्या साहित्यावर त्याचा आरंभ करता येईल.