धावण्याची वाट आणि पायातले बूट

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की पेण-रोह्याच्या मैदानांवर आणि गावाबाहेरच्या रस्त्यांवर पहाटेपासून मुले-मुली धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे असते. पंधरा-वीस दिवसांनी त्यांतले काही जण दवाखान्यात येतात. तक्रार ठरलेली, "डॉक्टर, नडगी दुखते."

असाच एक तरुण आला होता. पूर्वी धावण्याची सवय नाही, पायात चपट्या तळाचे कॅनव्हासचे बूट आणि पहिल्याच आठवड्यापासून डांबरी रस्त्यावर रोज सहा किलोमीटर. दुखू लागले तरी मलम चोळून तो धावत राहिला. शेवटी नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली आणि परीक्षेच्या दिवशी तो घरी बसून राहिला. दोष एकट्या बुटांचा नव्हता, एकदम वाढवलेल्या श्रमाचाही होता. पण असे पुष्कळसे दुखणे टाळता येते.

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. हा भार स्नायू, हाडे, जमीन आणि बूट मिळून झेलतात. म्हणून बूट घेण्यापूर्वी आपण कोठे धावणार, हे ठरवावे.

डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता कठीण असतो. त्यासाठी टाचेखाली व चवड्याखाली मऊ थर असलेले, वजनाला हलके बूट घ्यावेत. रस्ता कडेला उतरता असतो. नेहमी एकाच कडेने धावल्यास एका पायावर ताण येतो. महामार्गावर तर धावूच नये.

मातीच्या मैदानावर हेच बूट चालतात. मात्र तळ गुळगुळीत झालेला नसावा.

खाडीकाठचे खारबांध, शेताचे बांध किंवा रोह्याजवळच्या अवचितगडाची, पेणजवळच्या सांकशीची वाट असेल, तर गोष्ट वेगळी. येथे बुटाच्या तळाला ट्रॅक्टरच्या टायरसारखे खोल दाते हवेत, पुढे बोटांना ठेच लागणार नाही असे जाड टोक हवे आणि टाच घट्ट धरली गेली पाहिजे. फार उंच, गुबगुबीत तळ दगडगोट्यांवर डुगडुगतो व घोटा मुरगळतो. चिखलात उपयोगी पडणारे दाते ओल्या, शेवाळलेल्या कातळावर मात्र घसरू शकतात. तेथे धावू नये, जपून चालावे.

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. नेहमीचे मोजे घालून, दोन्ही पायांत घालून पाहावेत. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी. ती नसेल तर उतारावर नखे काळी पडतात. बूट चवड्यापाशी वाकावा, मधोमध नव्हे. ओल्या पावलाचा ठसा पाहून बूट निवडण्याची पद्धत आहे. अमेरिकेच्या सैन्यातील नव्या जवानांवर तिची चाचणी झाली, तेव्हा दुखापती त्यामुळे फारशा कमी झाल्या नाहीत. दुकानात चार पावले धावून पाहावे. जो बूट पायाला सुखावह वाटतो, तोच घ्यावा. भारी किंमत म्हणजे चांगला बूट, असे नव्हे.

"आमचे आजोबा अनवाणीच डोंगर चढत," असे काही जण म्हणतात. खरे आहे. इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी १९६० साली रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकली. १९६४ साली टोकियोत त्यांनी बूट घालून पुन्हा सुवर्णपदक मिळवले. पण त्यांच्या पायांना लहानपणापासूनची सवय होती. ती महिनाभरात येत नाही. मधुमेहींनी तर अनवाणी धावू किंवा चालू नये. बधिर पायाला जखम कळत नाही. त्यांनी रोज रात्री तळपाय तपासावेत.

आपल्याकडे पावसाळ्यात बूट वाळत नाहीत आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. ओल्या बुटांत जुने वर्तमानपत्र कोंबून ते पंख्याखाली ठेवावेत. चुलीजवळ ठेवल्यास डिंक सुटतो. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून धावू नये. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पुढे ताप आला, तर आपण चिखलपाण्यात गेलो होतो, हे डॉक्टरांना जरूर सांगावे. पडवीत ठेवलेले बूट झटकूनच घालावेत, कारण आत विंचू असू शकतो.

साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धावल्यावर आतील मऊ थर दबतो. वरून बूट नवा दिसला तरी तो बदलावा. परीक्षेच्या दिवशी कोरे बूट घालू नयेत. निदान दोन-तीन आठवडे आधीपासून वापरावेत.

नडगीवर बोट ठेवता येईल अशा एकाच जागी दुखणे, एका पायावर उडी मारताना कळ येणे किंवा रात्री विश्रांतीतही ठणकणे, ही हाडाला चीर गेल्याची लक्षणे असू शकतात. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये ती दिसेलच असे नाही. अशा वेळी धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वेळीच थांबल्यास बहुधा काही आठवड्यांत पाय बरा होतो. हट्टाने धावत राहिल्यास भरतीची संधी हातची जाते.