पोट लहान झाल्यानंतर

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचं पहिलं ‘जेवण’ बऱ्याचदा औषध मोजायच्या कपातून येतं. कपात पाणी असतं, ३० मिलिलिटर. तेही एका दमात संपवायचं नसतं, घोट घोट करत पंधरा मिनिटं पुरवायचं असतं. मग दुसरा कप. या हिशेबानं तासाला १२० मिलिलिटर पोटात जातं आणि दिवसाला किमान दीड लिटर द्रव तर जायलाच हवं. म्हणजे जागेपणीचे बारा-तेरा तास पाणी पिणं हेच काम. कालपर्यंत तहान लागली की तांब्या तोंडाला लावणाऱ्या माणसाला घड्याळ बघून पाणी प्यावं लागतं.

कारण पोटात जागाच उरलेली नसते. एरवी ताणलं तर जठरात लिटरभर किंवा त्याहून जास्त अन्न मावतं. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि एक अरुंद नळी तेवढी उरते. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग शरीरातच राहतो, पण अन्नाच्या वाटेवर येत नाही. दोन्ही शस्त्रक्रिया आता दुर्बिणीतून होतात आणि बहुतेक रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातात.

मराठी वाचकाला ही शस्त्रक्रिया माहीत आहे ती बातम्यांमुळे. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ती करून घेतली, तेव्हा तिची घराघरांत चर्चा झाली. २०१७ मध्ये इजिप्तच्या अतिलठ्ठ इमान अहमद यांना या शस्त्रक्रियेसाठी मालवाहू विमानातून मुंबईत आणलं, तेव्हा कॅमेरे रुग्णालयाच्या दारात मुक्कामाला होते. बातम्यांमध्ये किलोंचा हिशेब असतो. घरी गेल्यावर तो माणूस सकाळी काय खातो, कोणती गोळी चहाआधी घेतो, पाचव्या वर्षी कोणती तपासणी करतो, हे कोणी विचारत नाही.

या शस्त्रक्रियेचा इतिहास मात्र याच प्रश्नांनी घडवला आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात क्रेमेन आणि लिनर या शल्यविशारदांनी लठ्ठपणासाठी लहान आतड्याचा मोठा हिस्सा वगळणाऱ्या शस्त्रक्रियेची मांडणी केली. तिनं वजन झपाट्यानं उतरायचं. पण पुढच्या काही वर्षांत रुग्णांना मूतखडे होऊ लागले, जीवनसत्त्वांची टंचाई जाणवू लागली, काहींची यकृतं निकामी झाली. अखेर ती पद्धत सोडून द्यावी लागली. १९६०च्या दशकात आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी गॅस्ट्रिक बायपासची सुरुवात केली, ती अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण बारीक राहतात हे पाहून. आजच्या आहाराच्या आणि गोळ्यांच्या याद्या त्या जुन्या रुग्णांच्या त्रासातून तयार झाल्या आहेत.

वरणाचं पाणी पुरत नाही

घरी आल्यावर पहिले साधारण दोन आठवडे पातळ पदार्थांचे, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेल्या किंवा कुस्करलेल्या अन्नाचे, मग मऊ घास आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं जेवण. रुग्णालयागणिक दिवस थोडे मागेपुढे होतात, क्रम तोच राहतो. जठराला घातलेले टाके भरून येईपर्यंत त्यावर ताण नको, हे त्यामागचं कारण.

मराठी घरात आजारी माणसासाठी हमखास दोन गोष्टी होतात: भाताची पेज आणि वरणाचं पाणी. मायेनं केलेल्या या दोन्ही वाट्यांमध्ये प्रथिनं मात्र नावापुरती असतात. या रुग्णाला रोज किमान ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात, नाहीतर शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळू लागतं. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात तेवढीच, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८-२० ग्रॅम. एका वेळी चार चमचे खाऊ शकणाऱ्या माणसाची ही बेरीज ६० पर्यंत न्यायची कशी? कोकणातल्या घरात मऊ शिजलेली मासळी मदतीला येते. शाकाहारी घरात सुरुवातीचे काही महिने प्रोटीन पावडरीच्या डब्याला पर्याय राहत नाही. पुढे दही, ताजं पनीर, टोफू, मुगाचं धिरडं आणि सोयाबीनचे पदार्थ यांवर मदार असते.

ताटातला क्रमही उलटा होतो. आपल्या पंगतीची सुरुवात वरण-भात-तुपानं. इथे आधी प्रथिनं, मग भाजी आणि जागा उरली तर शेवटी भात किंवा पोळी. पोळी आणि पाव चावूनही चिकट गोळा होऊन बसतात, कोरडा भात अडकतो, म्हणून अनेकांना हे पदार्थ पहिले काही महिने सोसत नाहीत. त्या मानानं कुरकुरीत भाजलेला फुलका बरा. जेवताना पाणी किंवा ताक प्यायचं नाही, जेवणानंतरही अर्धा तास थांबायचं. घास चमच्याच्या टोकावर मावेल एवढा आणि जेवायला वीस ते तीस मिनिटं. पोट भरल्याची खूणही नवी असते. कोणाला छातीच्या मध्यभागी दाब जाणवतो, कोणाला उचकी लागते, कोणाचं नाक वाहू लागतं. त्यानंतरचा एक घासही उलटून पडतो.

एखादी उलटी समजण्यासारखी आहे. ती दिवसेंदिवस चालू राहिली तर प्रकरण गंभीर होतं, कारण शरीरातला थायमिनचा, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. तो संपला की डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, चालताना तोल जातो, माणूस गोंधळल्यासारखा वागतो. मेंदूची ही इजा कायमची ठरू शकते. अशा रुग्णाला नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावणं धोक्याचं असतं, आधी थायमिन द्यावं लागतं. शस्त्रक्रियेनंतर संपत जाणाऱ्या साठ्यांपैकी हा पहिला. बाकीचे सावकाश संपतात आणि म्हणून अधिक फसवतात.

एक लाडू, अर्धा तास

दिवाळीच्या फराळात बायपास झालेल्या माणसाची परीक्षा चकलीपेक्षा लाडू आणि करंजी जास्त घेतात. साखर जठरात न रेंगाळता थेट लहान आतड्यात उतरते, तिथे पाणी ओढून घेते, आणि दहा ते तीस मिनिटांत पोटात कळा, धडधड, घाम, जुलाब असा प्रकार सुरू होतो. डॉक्टर याला ‘डंपिंग’ म्हणतात. त्याचा दुसरा प्रकार उशिरा येतो. साखरेच्या लोंढ्याला उत्तर म्हणून शरीर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं आणि एक ते तीन तासांनी रक्तातली साखर कोसळते. हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे लगेच साखर-पाणी देतात, त्यानं तात्पुरतं बरं वाटतं, पण नुसत्या साखरेवर थांबलं तर चक्र पुन्हा सुरू होऊ शकतं. म्हणून सावरल्यावर थोडं प्रथिन खावं लागतं आणि पुढच्या वेळी मूळ गोड पदार्थच टाळावा लागतो.

अमेरिकी दूरचित्रवाणीवर हवामान सांगणारे अल रोकर यांनी २००२ मध्ये बायपास करून घेतला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, खाऊ नये ते खाऊन व्हाइट हाउसमध्ये गेले असताना आपली कशी फजिती झाली, हे त्यांनी २०१३ मध्ये टीव्हीवरच सांगून टाकलं. अंतर्वस्त्र तिथेच टाकून द्यावं लागलं होतं! लोक हसले, पण अनेक रुग्ण डॉक्टरांनाही न सांगणारी गोष्ट त्यांनी देशाला सांगितली.

आपल्याकडे यात आग्रहाची भर पडते. ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणून वाढणारी मावशी, नाकारता न येणारा सत्यनारायणाचा शिरा, लग्नात जिलबी घेऊन फिरणारे यजमान. उपासाचा प्रश्न आणखी अवघड. साबुदाण्याच्या खिचडीत पिष्टच पिष्ट, आणि निर्जळी उपासात दीड लिटर पाण्याचा हिशेब कोलमडतो. त्यात शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती घरातली स्वयंपाक करणारी बाईच असली, तर इतरांसाठी पुरणपोळ्या लाटून स्वतः चमचाभर दही खायचं हा रोजचा संयम तिच्या वाट्याला येतो.

आरशातला अनोळखी माणूस

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात वजनाचा काटा सर्वाधिक आनंद देतो, आणि याच काळात केस मुठीनं गळू लागतात. शस्त्रक्रियेचा ताण आणि झपाट्यानं उतरलेलं वजन यांमुळे केसांची मुळं एकदम विश्रांतीत जातात. लोह आणि प्रथिनं पुरेशी असतील तर केस पुन्हा येतात. वजन वेगानं घटताना पित्ताशयात खडेही होतात, म्हणून अनेक डॉक्टर पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या देतात.

गोळ्यांचं वेळापत्रक हा स्वतंत्र अभ्यास. मल्टिव्हिटॅमिन, लोह, ब१२, ड जीवनसत्त्व आणि दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, तेही विभागून. कॅल्शियम सायट्रेट घेतलेलं बरं, कारण कार्बोनेट शोषून घ्यायला जठरातलं आम्ल लागतं आणि ते आता कमी झालेलं असतं. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतले तर एकमेकांच्या आड येतात, त्यांच्यात दोन तासांचं अंतर हवं. लोहाच्या गोळीवर चहा प्यायला तर गोळी बरीचशी वाया जाते. पाळी चालू असलेल्या स्त्रीला रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह लागतं. चहावर चालणाऱ्या घरात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

वजन घटलं की ‘पीसीओडी’ असलेल्या अनेक स्त्रियांची पाळी नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते. डॉक्टर मात्र १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, दुसरा उपाय लागतो. पुढे दिवस गेले की मधुमेहाच्या तपासणीसाठी देतात ते ग्लुकोजचं पाणीही या स्त्रीला डंपिंगमुळे सोसत नाही. त्याऐवजी काही दिवस घरीच ग्लुकोमीटरवर साखर मोजता येते.

शरीर बदलतं तशी नातीही हलतात. स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये दिसलं की शस्त्रक्रियेनंतर एकट्या माणसांची नाती जुळण्याचं प्रमाण वाढतं, आणि जोडप्यांमध्ये विभक्त होण्याचंही. अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांच्या रुग्णांवरचा २०१२ मधला अभ्यास सांगतो की दारूच्या व्यसनाचं प्रमाण शस्त्रक्रियेआधी ७.६ टक्के होतं, दुसऱ्या वर्षी ते ९.६ टक्के झालं. बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, एका पेगचं काम अर्ध्यात होतं. युटा राज्यातल्या बायपास रुग्णांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर दोन्ही बाजू एकत्र दाखवतो. एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी आणि मधुमेहानं होणारे मृत्यू ९२ टक्क्यांनी कमी, पण अपघात आणि आत्महत्यांसारख्या कारणांनी होणारे मृत्यू ५८ टक्क्यांनी जास्त. आहारतज्ज्ञाबरोबर मानसोपचारतज्ज्ञाचीही वेळ का ठरवतात, ते या आकड्यांवरून समजतं.

सैल कातडीबद्दल तर कोणी आधी बोलतच नाही. पोट, दंड, मांड्यांवर ती लोंबते, घामानं घड्यांमध्ये चट्टे उठतात. ती काढण्याची शस्त्रक्रिया विमा कंपन्या सहसा सौंदर्योपचारात धरतात. मूळ शस्त्रक्रियेचा खर्च मात्र मिळू शकतो. भारतीय विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार रुग्ण १८ वर्षांवरील हवा, डॉक्टरांचा सल्ला हवा, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. गंभीर सहव्याधी असेल तर ३५ पुरतो.

दुसऱ्या वर्षानंतर

पहिल्या वर्षी भूकच लागत नाही. जठराच्या वरच्या भागात भुकेचं संप्रेरक घ्रेलिन तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. पुढे भूक हळूहळू परतते, घास मोठा होतो, चिवडा आणि बिस्किटं सहज उतरू लागतात. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडिश अभ्यासात बायपासच्या रुग्णांचं वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटलं होतं, दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे थोडं वजन परत येणं हा या उपचाराचा ठरलेलाच भाग आहे. रुग्णाला मात्र ती स्वतःची हार वाटते आणि शरमेपोटी तो तपासणीलाच जायचं टाळतो. अल रोकर यांचंही वजन काही वर्षांनी पुन्हा चढलं होतं, पुढे त्यांनी ते नव्यानं उतरवलं. स्लीव्हच्या रुग्णांना आणखी एका गोष्टीसाठी तपासणीला जावं लागतं. फिनलंडमधल्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्के जणांच्या अन्ननलिकेला सूज दिसली, बायपास झालेल्यांमध्ये ७ टक्के. छातीतली जळजळ अंगावर काढण्यासारखी नसते.

याच सुमारास ब१२चा साठा संपत येतो. यकृतातलं हे जीवनसत्त्व काही वर्षं पुरतं, म्हणून गोळ्या सोडल्या तरी लगेच काही बिघडत नाही. आपल्याकडच्या शाकाहारी माणसाचा साठा मुळातच तुटपुंजा, त्यामुळे त्याची मुदतही लवकर भरते. दर वर्षी हिमोग्लोबिन, फेरिटिन, ब१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड संप्रेरक तपासायचं असतं. पण शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात झालेली असते आणि रुग्ण राहतो लातूरला किंवा चिपळूणला. मधल्या काळात तो गावातल्या डॉक्टरकडेच जातो: गुडघेदुखीसाठी, तापासाठी. बायपास झालेल्याला आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं चालत नाहीत, जोडाच्या ठिकाणी अल्सर होतो. डॉक्टरला पूर्वीचं ऑपरेशन माहीत असेल तर तो पॅरासिटामॉल देतो.

सहा वर्षांनी तोच रुग्ण तळपायाला मुंग्या येतात म्हणून जातो. पूर्वीचा मधुमेह कागदावर असतो, तेव्हा मुंग्या त्याच्या खात्यात जमा होतात. खरं कारण ब१२ची टंचाई असू शकते, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर तीही ब१२ आणखी कमी करते. पोटावरच्या चार-पाच बारीक खुणा फिकट झालेल्या असतात, ‘आधी काही ऑपरेशन?’ हा प्रश्न घाईत राहून जातो, आणि रुग्णालाही इतक्या जुन्या गोष्टीचा पायांशी संबंध असेल असं वाटत नाही. वेळेत विचारलं तर एक रक्ततपासणी आणि सुरुवातीच्या उपचारानंतर महिन्याला ब१२चं एक इंजेक्शन पुरतं. उशीर झाला तर मज्जातंतूंची काही हानी तशीच राहते.