हिरा विकून टाटांनी कॅन्सर हॉस्पिटल बांधलं, ही गोष्ट अर्धीच का आहे?

मेहरबाई टाटांकडे ज्युबिली नावाचा हिरा होता. २४५ कॅरेटचा, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. तो विकून टाटांनी मुंबईत कॅन्सरचं हॉस्पिटल बांधलं, असा मेसेज तुमच्याही फोनवर कधीतरी आला असेल. त्यात खोटं फारसं काही नाही. पण गोष्ट बांधकामापाशी संपते आणि हॉस्पिटलचा खरा खर्च तर तिथून सुरू होतो. आपल्या तालुक्यात, जिल्ह्यात एखादं कुटुंब कॅन्सर हॉस्पिटलला देणगी देतं तेव्हा नेमकं काय होतं, हे समजायला टाटांची पूर्ण गोष्ट बघावी लागते.

मेहरबाई म्हणजे जमशेदजी टाटांच्या सूनबाई, सर दोराबजींच्या पत्नी. १९३१ मध्ये वेल्समध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने त्यांचा मृत्यू झाला. त्या काळात भारतात कॅन्सरवर अद्ययावत उपचार मिळणं अवघडच होतं. टाटा परदेशी जाऊ शकत होते, इतरांचं काय?

या जोडप्याला मूलबाळ नव्हतं. दोराबजींनी १९३२ मध्ये जवळपास सगळी मालमत्ता ट्रस्टच्या नावे केली. त्याच वर्षी जूनमध्ये जर्मनीत असताना तेही गेले. बायकोच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी त्यांनी वेगळा ट्रस्टही केला होता, लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट. तो आजही चालू आहे.

हिरा विकला गेला तो दोघांच्या मृत्यूनंतर. पैसे गेले दोराबजींच्या ट्रस्टकडे आणि ट्रस्टने त्यातून एकच हॉस्पिटल उभं केलं असं नाही. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, टीआयएफआर या संस्थांमागेही हाच ट्रस्ट आहे. म्हणजे ‘हिरा विकला आणि हॉस्पिटल झालं’ इतकं सरळ ते नव्हतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोराबजींनी ट्रस्टला नुसती रोकड आणि दागिने दिले नाहीत, टाटा सन्सचे शेअर्स दिले. रोकड एकदा खर्च झाली की संपते. शेअर्सवर दरवर्षी लाभांश येतो. आजही टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर्स वेगवेगळ्या टाटा ट्रस्टकडे आहेत. हिऱ्याच्या मेसेजमध्ये हे कधी येत नाही, कारण शेअर्सचा फोटो टाकता येत नाही.

परळमध्ये २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. खाटा होत्या ८०. पुढे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्यासारखे सर्जन तिथे घडले. ते मूळचे गोव्याचे. हॉस्पिटलच्या समोरच्या रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे.

मग सरकार कुठून आलं?

१९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने हे हॉस्पिटल आपल्याकडे घेतलं आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेलं. अणुऊर्जा विभाग आणि हॉस्पिटल? ऐकायला विचित्र वाटतं, पण कॅन्सरच्या उपचारात किरणोत्साराचं महत्त्व वाढत जाणार हे होमी भाभा आणि जेआरडी टाटा यांनी ओळखलं होतं. आज डॉक्टरांचे पगार, यंत्रं, नव्या इमारती यांचा मोठा भार केंद्र सरकारच्या बजेटवर आहे.

टाटांचं नाव दारावर राहिलं, पण रोजचा खर्च सरकारकडे गेला. मला विचाराल तर हॉस्पिटल ८० वर्षांहून जास्त काळ टिकलं आणि गरिबांना परवडत राहिलं, त्यात या हस्तांतराचा वाटा देणगीइतकाच मोठा आहे.

यंत्र आलं, चालवणार कोण?

आता जिल्ह्याच्या हॉस्पिटलकडे येऊ. समजा एका कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ रेडिएशनचं यंत्र द्यायचं ठरवलं. लिनॅक म्हणतात त्याला, किंमत कोट्यवधी रुपये. पण ते साध्या खोलीत बसत नाही. किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून जाडजूड काँक्रीटच्या भिंतींची खोली लागते. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. रेडिएशनचे तज्ज्ञ डॉक्टर, डोस मोजून देणारा मेडिकल फिजिसिस्ट आणि यंत्र चालवणारे तंत्रज्ञ लागतात. फिजिसिस्टसाठी भौतिकशास्त्रातलं वेगळं शिक्षण असतं आणि अशी माणसं सहज मिळत नाहीत. त्यात दरवर्षीचा देखभालीचा करार. यातलं एक जरी नसलं, तरी कोनशिलेवर नाव राहतं आणि पेशंट मुंबईच्या गाडीत बसतो.

त्याला मुंबईला जावं लागणं हीच खरी अडचण आहे. रेडिएशन म्हणजे एक दिवस जाऊन आलो असं नसतं. बहुतेक वेळा आठवड्यातले पाच दिवस, सलग काही आठवडे जावं लागतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला साधारण पाच आठवडे, तोंडाच्या कॅन्सरला ऑपरेशननंतर सहा. प्रत्यक्ष रेडिएशन चालतं काही मिनिटं. पण लातूरच्या किंवा गडचिरोलीच्या बाईसाठी त्याचा अर्थ दीड महिना मुंबईत राहणं, सोबतच्या माणसाची मजुरी बुडणं आणि घरी पोरांना कोणाच्या तरी भरवशावर ठेवणं असा होतो. उपचार फुकट असले तरी हे फुकट नसतं. काही जण इथेच उपचार अर्धवट सोडतात.

म्हणून दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती यांच्याकडे मी ‘राहण्याची सोय’ म्हणून बघत नाही, तो उपचाराचाच भाग आहे. निहाल आणि श्यामा कविरत्ने या दाम्पत्याने २००६ मध्ये मुंबईत सेंट ज्यूड सुरू केलं. त्यांनी हॉस्पिटल बांधलं नाही. कॅन्सर झालेल्या मुलांना आईवडिलांसोबत राहायला स्वच्छ जागा दिली. उपचार पूर्ण व्हावेत म्हणून दिलेली ही देणगी आहे आणि ती यंत्राइतकीच उपयोगी पडते.

दुसरा मार्ग म्हणजे उपचारच गावाजवळ नेणं. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल हे आपल्याकडचं चांगलं उदाहरण. टाटा मेमोरियलच्या साथीने तिथे १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. गावागावात कोणाला कोणता कॅन्सर होतोय, हे पहिल्यांदा नीट मोजलं गेलं. टाटा ट्रस्टनेही पुढे पद्धत बदलली. आसाममध्ये त्यांनी २०१७ मध्ये सुरुवातीलाच राज्य सरकारला भागीदार केलं आणि एप्रिल २०२२ मध्ये वेगवेगळ्या जिल्ह्यांतली सात हॉस्पिटलं एकदम सुरू झाली.

पेशंटला यातून काय मिळतं?

एक गोष्ट महाराष्ट्रात प्रत्येकाला माहीत हवी. ट्रस्टची बरीच हॉस्पिटलं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असतात. जी धर्मादाय योजनेत येतात, त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलाच्या रकमेतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जातात. ही कोणाची मेहेरबानी नाही, कायदा आहे. ॲडमिट होतानाच हॉस्पिटलच्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड सोबत ठेवा. ‘खाटा भरल्यात’ असं उत्तर आलं तर ते लेखी मागा. तक्रार धर्मादाय आयुक्त कार्यालयात करता येते.

आणि तुमचं कुटुंब कोणाच्या आठवणीत काही द्यायचं म्हणत असेल, तर हॉस्पिटलला आधी विचारा की कशावाचून पेशंट परत जातायत. उत्तर बहुतेक वेळा इमारत नसतं. कधी ते एका तंत्रज्ञाचा पगार असतं, कधी एसटीचं भाडं.