कठड्याबाहेरचे आईबाप

मुलाला पोहायला शिकवणे निराळे आणि त्याला जलतरण क्लबात घालणे निराळे, हे पुष्कळ आईबापांच्या ध्यानात पहिली एकदोन वर्षे येतच नाही. आमच्या पिढीला पोहणे आले ते आजोळच्या विहिरीत. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि मामाने वरून ढकलून द्यायचे. आठवड्याभरात भोपळा सुटला, की शिक्षण संपले. आज बेळगावात उन्हाळ्याच्या सुट्टीत तरणतलावावर मुलांना नेणाऱ्या पालकांची अपेक्षा फारशी वेगळी नसते. मूल तरंगू लागते, प्रशिक्षक म्हणतात, "हात चांगला आहे, क्लबात घाला," आणि आपण अर्जावर सही करतो. अर्जाबरोबर सरावाच्या नियमांचा एक छापील कागद मिळतो. तो आम्हीही न वाचताच घडी करून ठेवला होता.

त्यातला पहिला नियम वेळेचा. साडेपाचचा सराव म्हणजे साडेपाचला मूल पाण्यात हवे, फाटकापाशी नव्हे. दहा मिनिटांनी काय बिघडते, असे मलाही वाटे. एके दिवशी उभी राहून पाहिले तेव्हा उमगले. एका मार्गिकेत सहा मुले असतात; एका बाजूने जायचे, दुसऱ्या बाजूने परतायचे, आणि दोघांमध्ये पाचदहा सेकंदांचे अंतर राखायचे. शंभर मीटर दहा वेळा, दर दोन मिनिटांनी एकदा, असे भिंतीवरच्या घड्याळावर चाललेले असते. जो एक मिनिट पंचेचाळीस सेकंदांत पोहोचतो त्याला पंधरा सेकंद विसावा. मध्येच सातवे मूल शिरले, की साऱ्यांची लय मोडते. शिवाय अंग मोकळे न करता वेगात पोहणाऱ्याचा खांदा दुखावण्याचा धोका असतो तो वेगळाच.

दुसरा नियम स्वच्छतेचा, आणि तो आपल्या घरांना थोडा झोंबतो. डोक्याला चपचपीत खोबरेल लावून पोरांना पाण्यात सोडणे आपल्याला हिताचे वाटते; क्लबाला ते चालत नाही, कारण तेलाचा तवंग सर्वांच्या वाट्याला येतो. आधी अंघोळ, मग टोपी, मग पाणी. तलावाला जो उग्र वास येतो तो निव्वळ क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जे द्रव्य तयार होते त्याचा तो असतो. डोळे चुरचुरतात तेही पुष्कळदा त्यानेच. मुलाला जुलाब होत असतील तर ते थांबल्यावरही काही दिवस त्याला घरीच ठेवावे, हे सांगायची पाळी क्लबावर येऊ नये.

गैरहजेरीबद्दल मात्र माझे मत क्लबांपेक्षा थोडे सैल आहे. गणपतीला गावी जाणारच. मावशीचे लग्न पोहण्यासाठी पुढे ढकलता येत नाही. पंधरा दिवसांच्या खंडानंतर दम कमी पडतो हे खरे, आणि म्हणून परतल्यावर काही दिवस खालच्या गटात पोहावे लागले तर रुसू नये. पण ही शिक्षा नव्हे हे मुलाला नीट सांगितले पाहिजे. मुलींच्या मासिक पाळीचे दिवस हाही गैरहजेरीचाच प्रश्न. तो निर्णय मुलीचा असावा आणि चारचौघांत तिला कोणी कारण विचारू नये. बारातेराव्या वर्षी क्लब सोडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या काहींना केवळ हा संकोच पुरेसा झाला.

आता तो नियम, ज्यापायी आमच्या घरात चार दिवस अबोला होता. 'सराव चालू असताना पालकांनी कठड्याच्या आत येऊ नये, पाल्यास सूचना देऊ नयेत.' माझ्या यजमानांनी स्टॉपवॉच घेतले होते. कोल्हापूरचा वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला आणि २०१० मध्ये ग्वांगझू येथे पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये त्याने कांस्यपदक मिळवले. १९८६ मध्ये खजानसिंगला मिळालेल्या रौप्यपदकानंतर आशियाई स्पर्धांतले भारताचे ते पहिलेच जलतरणपदक. कोल्हापूर बेळगावहून दोनअडीच तासांवर, तेव्हा इथल्या बापांना स्वप्ने पडली तर नवल नाही. त्याला घर सोडून बंगळूरला प्रशिक्षणासाठी जावे लागले होते, ही बाजू सहसा कोणी बोलत नाही.

आमची मुलगी प्रत्येक भिंतीपाशी मान वर करून वडिलांच्या चेहऱ्याकडे पाही. पोहताना मान वर झाली, की कंबर खाली जाते आणि वेग मोडतो. घरी येताना स्कूटरवर आकड्यांची उजळणी होई. एक दिवस प्रशिक्षक म्हणाले, "साहेब, तिला एक तर मी शिकवतो, नाहीतर तुम्ही शिकवा." यजमानांना तो अपमान वाटला. महिन्याभराने मुलीने उशीत तोंड खुपसून सांगितले, "बाबा येणार असतील तर मी जाणार नाही." ती तेव्हा बारा वर्षांची होती.

दुसऱ्या दिवसापासून ते फाटकाबाहेरच्या चहाच्या गाड्यापाशी थांबू लागले. किती वेळ लागला, हे विचारायचे नाही असे ठरले. तीनेक आठवड्यांनी तिने आपणहून सांगितले.

कठड्याबाहेर राहायचे याचा अर्थ डोळे मिटायचे असा मात्र नाही. सराव पालकांना दुरून दिसला पाहिजे. कपडे बदलण्याच्या खोलीत मोबाइल नको. प्रशिक्षक आणि मूल बंद दाराआड एकटे नकोत. निरोप आईबापांमार्फत जावेत. हे नियम आमच्या कागदावर नव्हते. आम्ही पाचसहा पालकांनी लेखी मागणी केली आणि ते आले. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध २०१२ पासून स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा असे विचारताना भिडेला जागा नाही.

यंदा मुलीची दहावी. बहुतेक घरांत या वर्षी पोहणे बंद होते. आम्ही प्रशिक्षकांशी बोलून सहाऐवजी तीन दिवस ठरवले आहेत, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. ने-आण यजमानच करतात.